घरचा संगणक, भाग ६ : डी ड्राइव्हचं उघडं दार

मीरा रोडच्या शांती नगरात आमचं घर वन रूम किचन. संगणक एकच, हॉलमध्ये खिडकीपाशी. त्यावर मुलाचा अभ्यास, मुलीचे प्रोजेक्ट आणि सोसायटीचा खजिनदार म्हणून दोन वर्षं मी सांभाळलेले हिशेब : देखभालीची बिलं, थकबाकीची यादी, सभासदांची आय आणि जे नमुन्यातली नोंद. मागच्या भागात सांगितलं तशी तिघांची खाती वेगळी होती, पासवर्डही वेगळे. तरी एका मार्चअखेरीस ताळेबंद जुळेना. दोन रात्री जागल्यावर सापडलं : थकबाकीच्या एक्सेल शीटमधला एक आकडा पुसला गेला होता. मुलाने स्वतःच्या खात्यातून ती फाइल चुकून उघडली आणि बंद करताना 'सेव्ह' दाबलं. दोष त्याचा नव्हता. फाइल त्याला उघडी होती.

असं का झालं? विंडोज प्रत्येक खात्याला सी ड्राइव्हवरच्या 'युजर्स' फोल्डरमध्ये वेगळं घर देतं. तिथले डॉक्युमेंट्स दुसऱ्या साध्या खात्याला दिसतही नाहीत. पण आपण महत्त्वाचं सगळं ठेवतो डी ड्राइव्हवर, कारण विंडोज नव्याने टाकलं तरी ते राहतं. आणि डी ड्राइव्हची मूळ परवानगी अशी असते की लॉगिन केलेल्या कुणालाही वाचता येतं, बदलता येतं, पुसताही येतं. खाती वेगळी करून आपण खोल्यांना दारं लावतो, पण कपाट मात्र पॅसेजमध्येच राहतं.

फाइलगणिक परवानगी ठेवणारी एनटीएफएस ही पद्धत 1993 साली विंडोज एनटीबरोबर आली, ती कचेऱ्यांसाठी. घराघरांत पोचलेल्या एक्सपीच्या होम आवृत्तीत 'सिक्युरिटी' हा टॅब सेफ मोडमध्ये गेल्याशिवाय दिसतच नसे. घरच्या संगणकाला असलं काही लागत नाही, ही समजूत मला वाटतं तिथूनच रुजली. व्हिस्टापासून तो टॅब होम आवृत्तीतही समोर आहे.

आता करायचं काय ते. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यातून हिशेबाच्या फोल्डरवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'सिक्युरिटी', 'अ‍ॅडव्हान्स्ड'. आधी 'अ‍ॅड'ने स्वतःच्या खात्याचं नाव जोडून 'फुल कंट्रोल' द्या. हे विसरलात तर पुढे तुमच्याच फोल्डरवर तुम्हाला अडवलं जाईल. मग 'डिसेबल इनहेरिटन्स' दाबा. दोन पर्याय येतील. त्यातला 'कन्व्हर्ट'चा निवडा, सगळं काढून टाकणारा नको. वरच्या ड्राइव्हकडून आलेल्या परवानग्या आता या फोल्डरच्या स्वतःच्या झाल्या. त्यातल्या 'ऑथेंटिकेटेड युजर्स' आणि 'युजर्स' या ओळी काढा. 'सिस्टम' आणि 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स' यांना हात लावू नका. माझी मुलगी बिलं छापून द्यायची. तिच्या नावापुढे फक्त 'रीड अँड एक्झिक्यूट' ठेवलं. तिला वाचता येतं, छापता येतं, बदलता येत नाही.

'डिनाय'च्या वाटेला जाऊ नका, हे कळकळीने सांगतो. मुलांना अडवायचं म्हणून 'एव्हरीवन'ला डिनाय केलं, तर त्या सगळ्यांत तुम्हीही येता, आणि नकार होकारावर मात करतो. कुणाला अडवायचं ते लिहू नका. कुणाला द्यायचं तेवढंच लिहा.

एक बारीक खोड आणखी आहे. फाइल कॉपी केली की ती नव्या फोल्डरची परवानगी घेते, पण त्याच ड्राइव्हवर कट करून हलवली तर बहुधा जुनीच बरोबर आणते. म्हणून बंद फोल्डरमध्ये बाहेरून आणलेली फाइल एकदा तपासा. पेन ड्राइव्ह बहुतेक फॅट32 किंवा एक्सफॅटचा असतो. त्यावर यातलं काहीच टिकत नाही.

या परवानग्या म्हणजे कुलूप आहे, तिजोरी नव्हे. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं ज्याच्या हाती, तो कुठल्याही फोल्डरची मालकी घेऊ शकतो. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली तरी फाइली वाचता येतात. हे टाळायला एन्क्रिप्शन लागतं, ते पुढच्या आठवड्यात.

सोसायटीची कागदपत्रं शेजाऱ्यांची असतात. कुणी किती थकवलंय हे घरातल्या पोरांना किंवा पाहुण्यांना कळायचं कारण नाही. आज रात्री मुलाच्या खात्यातून लॉगिन करा, डी ड्राइव्ह उघडा आणि काय काय उघडतं ते स्वतः पाहा.