सेन्सर बदलण्याआधी

सिग्नल सुटला की गाडी आचके देते आणि मेकॅनिक म्हणतो, ‘थ्रॉटल सेन्सर गेला, बदलून टाकू.’ जरा थांबा. केबलवर चालणाऱ्या थ्रॉटलचा हा सेन्सर बहुधा जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखाच असतो: कार्बनच्या पट्टीवर सरकणारा संपर्क. त्याला 5 व्होल्ट मिळतात. थ्रॉटलची झडप बंद असताना साधारण अर्धा व्होल्ट परत येतो, पूर्ण उघडल्यावर साडेचारच्या आसपास. इंजिन बंद, इग्निशन चालू ठेवून झडप हळूहळू उघडा. व्होल्टेज सलग चढायला हवं. मधेच कोसळलं, तर पट्टी तिथे झिजलीय. बहुतेकदा सुरुवातीलाच, कारण शहरात पाय तिथेच घुटमळतो. इथे काट्याचा मीटर बरा. साधे डिजिटल मीटर असा झटका गिळून टाकतात. आणि 5 व्होल्टच पोचत नसतील किंवा अर्थिंग सैल असेल, तर नव्या सेन्सरनंतरही आचके तसेच!