दुर्बीण घेताय? मोठ्या आकड्याला भुलू नका! अंतर मोजणाऱ्या दुर्बिणीचं गणित समजून घ्या

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत बिबट्या आता नवीन राहिलेला नाही. ऊसतोड सुरू झाली की फडाच्या कडेला काहीतरी हललं, अशी हाळी येते आणि मग ‘नक्की काय आहे ते बघू’ म्हणून माणसं पुढं सरकतात. धोका तिथंच असतो. बांधावरून, घराच्या गच्चीवरून लांबूनच खात्री करता यावी म्हणून आता बरेच जण दुर्बीण घेऊ लागलेत. पण ऑनलाइन शोधलं की ‘शिकारीसाठी, अंतर मोजणारी’ अशा महागड्या दुर्बिणी समोर येतात. त्या घ्याव्यात का?

आधी कायदा

या दुर्बिणी बनतात त्या शिकार कायदेशीर असलेल्या देशांतल्या शिकाऱ्यांसाठी. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे. बिबट्या या कायद्याच्या अनुसूची १ मध्ये येतो आणि त्याची शिकार केल्यास ३ ते ७ वर्षे कैद होऊ शकते. त्यामुळे आपल्याकडे दुर्बिणीचं काम एकच, लांब राहून ओळखणं.

अंतर कसं मोजतात?

या दुर्बिणीत लेझर असतो. बटण दाबलं की डोळ्याला न दिसणारा किरण समोरच्या वस्तूवर आदळून परत येतो. जाऊन यायला किती वेळ लागला, त्यावरून आतलं यंत्र अंतर दाखवतं. वस्तू ३०० मीटरवर असेल तर सेकंदाचे दहा लाख भाग केल्यावर त्यातल्या फक्त दोन भागांत किरण परत येतो.

शिकाऱ्याला हे लागतं, कारण अंतर चुकलं तर गोळी वर किंवा खाली जाते. डोंगरउतारावर तर काही दुर्बिणी कोनाचाही हिशोब करतात. ३० अंशांच्या उतारावर सरळ रेषेत ४०० मीटर भरलं, तर आडवं अंतर सुमारे ३४६ मीटरच असतं.

आपल्याला मीटर-मीटरचा हिशोब लागत नाही. शिवाय खोक्यावर ‘१००० मीटर’ लिहिलेलं असलं तरी तो आकडा मोठ्या, चकचकीत वस्तूचा असतो. जनावराच्या अंगावरून किरण तितका परत येत नाही, त्यामुळे प्रत्यक्षातला पल्ला बराच कमी भरतो. धुकं असलं किंवा मध्ये उसाचं पाचट आलं, तर यंत्र त्याचंच अंतर दाखवतं. आणि चांगल्या कंपनीची अशी दुर्बीण लाखाच्या पुढं जाते. तेवढ्याच दर्जाच्या काचांची साधी दुर्बीण त्याच्या काही हिश्श्यात मिळते.

मग बघायचं काय?

दुर्बिणीवर ८×४२ असे आकडे असतात. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसेल, दुसरा म्हणजे पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागा. ८×४२ चं उत्तर येतं ५.२५, तर खिशातल्या ८×२१ चं फक्त २.६. हा आकडा जितका मोठा, तितका संध्याकाळी उजेड जास्त मिळतो. बिबट्याची हालचाल बहुतेक अंधार पडताना आणि पहाटे असते, म्हणून आपल्याला हाच आकडा महत्त्वाचा. तो ४ च्या खाली नको.

• दहा पटीच्या वर जाऊ नका. हात हलला की चित्रही तितकंच हलतं, मग तिवई लागते.
• छोट्याशा दुर्बिणीवर ‘३०×६०’ लिहिलेलं असेल तर विश्वास ठेवू नका. पट्टी लावून पुढची काच मोजा.
• लाल-केशरी चमकणाऱ्या काचा टाळा. मावळतीला त्यातून रंग नीट कळत नाहीत.
• चष्मा असेल तर डोळा काचेपासून १५ मिलिमीटर किंवा जास्त लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसलं पाहिजे.
• पाणी आत जाणार नाही आणि आत नायट्रोजन भरलाय, अशी दुर्बीण घ्या. दवात काच आतून धुरकट होत नाही.
• दुकानात लांबच्या खांबाकडं पाच मिनिटं बघा. डोकं जड झालं किंवा खांब दोन दिसले, तर ती परत द्या.

मिट्ट काळोखात मात्र साधी दुर्बीण चालत नाही, हे ध्यानात ठेवा.

लेझरशिवाय अंतर

आठ पटीच्या दुर्बिणीत ८० मीटरवरचं जनावर १० मीटरवर असल्यासारखं दिसतं, त्यामुळे अंदाज हमखास फसतो. त्याला घरचा उपाय आहे. बांधावरच्या विजेच्या खांबांमधलं अंतर एकदा टेपनं मोजून ठेवा. गुंठ्याची बाजू ३३ फूट, म्हणजे साधारण १० मीटर. त्यावरूनही वावराची लांबी कळते.

दुसरं, मोटारसायकल १०० मीटरवर आडवी लावा आणि दुर्बिणीतून बघा. ती गोलाचा किती भाग व्यापते ते ध्यानात ठेवा. ५० मीटरवर तीच दुप्पट दिसेल. मोटारसायकल साधारण २ मीटर लांब असते. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोठा बिबट्याही जवळपास तेवढाच भरतो. दोन-तीनदा सराव केला की नजर तयार होते.

दिसला तर?

दुर्बिणीतून खात्री झाली की काम संपलं. फोटोसाठी पुढं जाऊ नका, गर्दी करू नका, त्याला घेरू नका. पळायची वाट मोकळी ठेवा. पोरं-बाळं आणि जनावरं आत घ्या आणि वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर कळवा. सांगताना गट नंबर, जवळची खूण आणि अंदाजे अंतर सांगा. तोडणीत पिल्लं सापडली तर हात लावू नका, आई जवळपासच असते.

थोडक्यात, पैसे लेझरवर नको, काचेवर घाला. साधी ८×४२ घ्या आणि अंतर मोजण्यापेक्षा अंतर राखा.