विमान निघून जाते, आवाज मागे उरतो

गोंदिया शहराबाहेर काही किलोमीटरवर बिरसी हे गाव लागते. धानाच्या बांध्या, पळस-मोहाची झाडे, जवळच परसवाडा आणि झिलमिलीचे तलाव, हिवाळ्यात त्या तलावांवर उतरणारे पाहुणे पक्षी. झाडीपट्टीतल्या कुठल्याही गावासारखेच हे गाव. फरक आहे तो त्याच्या आभाळात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, इंग्रजांनी येथे विमानांसाठी धावपट्टी बांधली. युद्ध संपले, इंग्रज गेले, पट्टी तेवढी राहिली. आधी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, १९९८ पासून औद्योगिक विकास महामंडळाकडे आणि २००५ च्या अखेरीस भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे ती आली. पुढे धावपट्टी २,३०० मीटर लांब झाली, वैमानिक घडवणारी राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था उभी राहिली. मार्च २०२२ मध्ये इंदूर-गोंदिया-हैदराबाद अशी प्रवासी सेवा सुरू झाली, ती खंडित झाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या कंपनीचे विमान हैदराबाद-तिरुपतीसाठी उडू लागले.

ज्या जिल्ह्याची ओळख भातगिरण्या, विडीउद्योग आणि तलाव एवढीच सांगितली जाई, त्याला या साऱ्याचे अप्रूप वाटले तर नवल नाही. विमानतळ नको, असे येथे कोणी म्हणणार नाही आणि या लेखाचेही ते म्हणणे नाही. मात्र विमानतळ येतो तेव्हा जमिनी किती गेल्या, मोबदला किती मिळाला, नोकऱ्या किती लागल्या, याचा हिशेब निदान मागितला तरी जातो. बिरसीतल्या शंभराच्या आसपास कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजत राहिला तो त्यामुळेच. आवाजाचा हिशेब मात्र कोणी मागत नाही. धुराची काजळी भिंतीवर दिसते, सांडपाण्याची दुर्गंधी येते. आवाज विमानाबरोबरच निघून गेला असे वाटते. तो खरोखर जातो का?

डोळे मिटतात, कान मिटत नाहीत

निसर्गाने डोळ्यांना पापण्या दिल्या, कानांना दिल्या नाहीत. झोपेतही कान जागे असतात, कारण आपल्या पूर्वजांच्या दृष्टीने रात्रीचा अनोळखी आवाज म्हणजे जनावर किंवा शत्रू. आवाज कानावर पडला की मेंदू त्याचा अर्थ लावण्याच्या आधीच शरीराला सावध करतो. ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके स्रवतात, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. वाघ आला असता तर ही तयारी उपयोगी पडली असती. विमान आले तर ती वाया जाते आणि पुढचे विमान आले की पुन्हा सुरू होते.

"आम्हाला सवय झाली आहे," असे विमानतळाजवळची माणसे सहज सांगतात, आणि ते खोटेही नसते. मनाला सवय होते. माणूस जागा होईनासा होतो. पण शरीराला तशी सवय होत नाही. युरोपातील काही विमानतळांजवळ राहणाऱ्या लोकांचा रक्तदाब ते आपापल्या घरी झोपलेले असताना रात्रभर मोजण्यात आला. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. विमान गेले की वरचा रक्तदाब सरासरी सहा अंकांनी चढत होता. माणूस जागा झालेला नसला, तरीही चढत होता. सकाळी त्याला विचारले तर तो म्हणाला असता, झोप छान लागली.

याच संशोधनाच्या मोठ्या भागात लंडन, ॲमस्टरडॅम, बर्लिन, स्टॉकहोम, मिलान आणि अथेन्स येथील विमानतळांभोवतालचे ४५ ते ७० वयाचे सुमारे ४,८०० रहिवासी तपासले गेले. रात्रीच्या विमानांचा आवाज दहा डेसिबलने वाढला की उच्च रक्तदाब असण्याचा संभव सुमारे १४ टक्क्यांनी अधिक आढळला. २०१३ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळाभोवतीच्या ३६ लाख लोकवस्तीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वाधिक गोंगाटाच्या भागांत पक्षाघात आणि हृदयविकाराने रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण अधिक होते. अशा अभ्यासांतून आवाज हेच एकमेव कारण, असे सिद्ध होत नाही. आहार, तंबाखू, गरिबी ही कारणेही असतातच. पण निरनिराळ्या देशांतले अभ्यास एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर तिकडे पाहायला हवे.

डेसिबलचे फसवे गणित

येथे डेसिबल या मापाविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण ते साध्या बेरजेने चालत नाही. दहा डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट. कानाला तो आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणूनच ५५ आणि ६५ हे आकडे कागदावर शेजारी-शेजारी दिसले, तरी जगण्यात त्यांच्यामध्ये मोठे अंतर असते.

आता आपला कायदा पाहू. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. गणपतीच्या दिवसांत ध्वनिक्षेपकांवरून जो वाद झडतो, तो याच नियमांवरून. विमानतळाभोवतालच्या क्षेत्रासाठी मात्र २०१८ मध्ये केंद्र सरकारने वेगळी मानके ठरवली. वर्दळीच्या विमानतळांसाठी दिवसा ७० व रात्री ६५, तर इतर विमानतळांसाठी दिवसा ६५ व रात्री ६० डेसिबल. जागतिक आरोग्य संघटनेने युरोपसाठी त्याच वर्षी केलेली शिफारस अशी, की विमानांचा आवाज दिवस-रात्र मिळून ४५ आणि रात्री ४० डेसिबलच्या आत असावा. मोजण्याच्या पद्धती थोड्या वेगळ्या आहेत, हे लक्षात घेऊनही तफावत लपत नाही. म्हणजे एकाच जिल्ह्यात, एकाच आजाराला तोंड देणारी दोन गावे असतील आणि त्यांतले एक धावपट्टीच्या क्षेत्रात येत असेल, तर त्या गावाने अधिक आवाज सोसावा, असे कायदाच सांगतो.

म्युनिकची मुले

मोठ्या माणसांचा रक्तदाब वाढायला वर्षे लागतात. मुलांचे नुकसान शाळेच्या बाकावरच होते.

मे १९९२ मध्ये जर्मनीतील म्युनिक शहराचा जुना विमानतळ बंद होऊन नवा विमानतळ दुसरीकडे सुरू झाला. संशोधकांना अशी संधी क्वचितच मिळते. त्यांनी दोन्ही ठिकाणच्या शाळकरी मुलांची स्थलांतराच्या आधी आणि नंतर चाचणी घेतली. जुन्या विमानतळाजवळच्या मुलांचे वाचन आणि स्मरण आधी मागे होते. विमाने गेल्यावर ते सुधारले. नव्या विमानतळाजवळची मुले आधी ठीक होती. विमाने आल्यावर तीच कुशलता घसरली, त्यांच्या शरीरातील ताणाची संप्रेरके वाढली आणि रक्तदाबही वाढला. या कहाणीत एक दिलासा आहे, की आवाज थांबला तर मूल सावरते. आणि एक इशाराही आहे, की मूल तेच असते, शिक्षक तेच असतात. बदलते ते फक्त आभाळ.

पुढे २००५ मध्ये हॉलंड, स्पेन आणि ब्रिटनमधील २,८०० हून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही शाळेवरून जाणाऱ्या विमानांचा आवाज जितका जास्त, तितकी वाचून समजण्याची क्षमता कमी, असेच दिसले. कारण समजायला अवघड नाही. विमान गेले की गुरुजी क्षणभर थांबतात, वाक्य तुटते, मूल खिडकीबाहेर बघते. शिवाय सतत गोंगाटात वाढणारे मूल आवाजाकडे कानाडोळा करायला शिकते आणि त्यात बोलण्याकडेही दुर्लक्ष करू लागते.

बिरसीचा आवाज वेगळा

हे सगळे अभ्यास मोठ्या जेट विमानांच्या शहरांतले. ते जसेच्या तसे बिरसीला लावणे अन्यायाचे होईल. येथे दर दोन मिनिटांनी जेट उतरत नाही. प्रशिक्षणाची विमाने लहान, पंख्याच्या इंजिनाची. त्यांचा आवाज जेटपेक्षा पुष्कळच कमी.

पण त्या आवाजाची रीत निराळी आहे. प्रवासी विमान एकदा उडाले की निघून जाते; शिकाऊ विमान परत येते. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवण्यासाठी आपल्याकडे २०० तासांचे उड्डाण लागते. त्यातला बराच भाग धावपट्टीभोवती फेरे घेण्यात जातो. विमान उडते, सुमारे हजार फुटांवर जाऊन वळते, धावपट्टीला समांतर जाते, पुन्हा वळते, चाके टेकवते आणि न थांबता पुन्हा उडते. एक फेरा काही मिनिटांचा. शिकणारा एकटा नसतो, त्याच्यामागे दुसरा, तिसरा असतो. बिरसी, कामठा, परसवाडा, खातिया या परिसरातील गावांना ही घरघर पुनःपुन्हा ऐकावी लागते, कारण फेऱ्याचा मार्ग ठरलेला असतो. परवान्यासाठी रात्रीच्या उड्डाणाचा सरावही आवश्यक आहे आणि तो रात्रीच करावा लागतो.

अशा आवाजाचे मोजमाप सरासरीत हरवते. दिवसभराची सरासरी काढली तर आकडा मर्यादेत बसेलही. पण माणूस सरासरी ऐकत नाही, एकामागून एक फेरे ऐकतो. त्यामुळे येथे सरासरीबरोबरच किती वेळा, किती वाजता आणि कोणत्या गावावरून, हेही मोजायला हवे.

काचेच्या खिडक्या आणि अंगणातली खाट

युरोपात विमानतळाजवळच्या घरांना सरकारी वा विमानतळाच्या खर्चाने दुहेरी काचांच्या खिडक्या बसवून दिल्या जातात. घर बंद केले की आवाज बाहेर राहतो. आपल्याकडे हा उपाय सांगणाऱ्याने मे महिन्यात एकदा गोंदियाला यावे. पारा ४४-४५ अंशांवर गेला की कौलारू घरात रात्री माणूस टिकत नाही. खाटा अंगणात येतात. उघड्या खिडकीचे घरदेखील दहा-पंधरा डेसिबल आवाज अडवते. अंगणातल्या खाटेला तेवढाही आडोसा नसतो. शेतात रोवणी करणाऱ्या बायांना तर तो दिवसाही नाही. म्हणजे परदेशातला आणि येथला बाहेरचा आकडा एकच असला, तरी येथल्या माणसाच्या कानात शिरणारा आवाज अधिक असतो. यावर काचेचा उपाय नाही, अंतराचा आहे.

आणि अंतर एकदा गेले की परत मिळत नाही, हे मुंबईने दाखवून दिले आहे. सांताक्रूझचा विमानतळही महायुद्धाच्या काळातलाच, तेव्हा शहराबाहेरचा. आज कुर्ल्याच्या जरीमरीतील झोपड्या विमानतळाच्या कुंपणाला टेकल्या आहेत. घाटकोपर, विलेपार्ले येथल्या लाखो लोकांच्या डोक्यावरून विमाने उतरतात. तेथे आता विमानतळ हलवता येत नाही आणि माणसेही हलवता येत नाहीत.

वेळ आहे तोवर

बिरसीभोवती अजून शेते आहेत. म्हणूनच जे मुंबईला जमले नाही, ते गोंदियाला जमण्यासारखे आहे आणि त्यासाठी फार पैसाही लागणार नाही. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना आणि फेऱ्याच्या मार्गाखाली वर्षातल्या तिन्ही ऋतूंत आवाज मोजावा आणि त्याचा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा. त्या नकाशातल्या गोंगाटाच्या पट्ट्यात नवी शाळा, अंगणवाडी, दवाखाना किंवा वसाहत होऊ नये. पुनर्वसनाची जागाही त्याबाहेरच असावी, नाहीतर माणूस घर बदलून त्याच आवाजाखाली जाईल. शिकाऊ विमानांचे फेरे कधी एका बाजूने, कधी दुसऱ्या बाजूने घ्यावेत. परीक्षेच्या दिवसांत आणि रात्री दहानंतर त्यांना लगाम असावा.

आणखी एक गोष्ट तर आजच होऊ शकते. तीस वर्षांवरील लोकांचा रक्तदाब तपासण्याचे काम सरकारी आरोग्य योजनेत येतेच. त्या नोंदवह्यांतून धावपट्टीजवळची गावे आणि दहा-पंधरा किलोमीटरवरची तशीच गावे शेजारी ठेवून पाहिली, तर उत्तराची सुरुवात होईल. फरक नसेल तर लोक निश्चिंत होतील. असेल तर तो विमानतळ मोठा होण्याआधी कळलेला बरा.

बिरसीच्या धावपट्टीवरून शिकून गेलेली मुले उद्या मोठमोठी विमाने चालवतील. त्यांच्या प्रत्येक फेऱ्याची नोंद वहीत मिनिटांसह होते, कारण त्यावर त्यांचा परवाना ठरतो. तोच फेरा खाली ज्यांनी ऐकला, त्यांच्या नोंदीची वही मात्र अजून कोरीच आहे. ती उघडायला कोणता अधिकारी, कोणता डॉक्टर, कोणता गुरुजी पुढे येणार?