वाइल्डकॅट काडतुसांची पुंगळीघडण

ज्या रायफल-काडतुसाचे उत्पादन प्रमाणित मापांनुसार कोणताही कारखाना करीत नाही व जे प्रचलित काडतुसाची पितळी पुंगळी नव्या आकारात बदलून तयार केले जाते, त्यास ‘वाइल्डकॅट’ काडतूस म्हणतात. या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ रानमांजर असा असून येथे तो ‘अधिकृत मान्यता नसलेले’ या अर्थाने वापरला जातो. अशा काडतुसाची गोळी, दारू व टोपी बाजारात मिळू शकतात. पुंगळी मात्र घडवावी लागते.

इतिहास : ही प्रथा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वाढली. तेथील सैन्याने १९०६ मध्ये स्वीकारलेल्या ·३०-०६ काडतुसाच्या पुंगळ्या विपुल व स्वस्त असल्याने त्यांपासून अनेक नवी काडतुसे निघाली. मान अरुंद करून हलकी व वेगवान गोळी बसविणे किंवा ती रुंद करून जड गोळी बसविणे, असे त्यांमागील हेतू होते. काही वाइल्डकॅट काडतुसांना पुढे मान्यताही मिळाली. रेमिंग्टन कंपनीने १९६५ मध्ये ·२२-२५० आणि १९६९ मध्ये ·२५-०६ ही काडतुसे आपल्या नियमित उत्पादनात घेतली. पी. ओ. ॲक्ली (१९०३–८९) यांनी पुंगळीचा निमुळतेपणा कमी करून व खांद्याचा कोन सु. ४०° पर्यंत वाढवून तिची धारणशक्ती वाढविण्याची पद्धत रूढ केली.

रचना व धातू : पुंगळीचे बूड, धड, खांदा व मान असे चार भाग असतात. बुडात टोपी, धडात दारू व मानेत गोळी असते. काडतूस उडाले की पुंगळी फुगून रायफलीच्या कोठीस घट्ट चिकटते व वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरताच ती किंचित आकुंचन पावते व त्यामुळे बाहेर काढता येते. ·३०-०६ काडतुसात हा दाब दर चौ. सेंमी.स सु. ४,२०० किग्रॅ. पर्यंत जाऊ शकतो. हे काम पार पाडण्यासाठी बूड जाड व कठीण, तर मान पातळ व मऊ असावी लागते. पुंगळीच्या पितळेत ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असते. ही मिश्रधातू थंड स्थितीत ताणता वा दाबता येते. परंतु प्रत्येक घडणीबरोबर ती अधिक कठीण व ठिसूळ होते. या एका गुणधर्मावर पुंगळीघडणीचे सर्व तंत्र अवलंबून आहे.

घडणीच्या पद्धती : प्रथम मूळ पुंगळीची निवड करतात. तिच्या बुडाचा व्यास रायफलीच्या बोल्टास जुळावा लागतो, कारण बुडाचा आकार सहजी बदलता येत नाही. मान अरुंद करण्यासाठी पुंगळीवर वंगणाचा पातळ थर देऊन ती पोलादी साच्यात दाबतात. वंगण जास्त झाल्यास खांद्यावर खळगे पडतात. व्यासात मोठा फरक करावयाचा असल्यास उत्तरोत्तर लहान होत जाणारे साचे वापरतात. एकदम दाबल्यास खांदा चुरगळतो. मान रुंद करण्यासाठी निमुळता दांडा आत घालतात. धड फुगवून खांद्याचा कोन बदलावयाचा असेल, तर पुंगळी नव्या कोठीतच झाडतात व वायूच्या दाबाने तिला कोठीचा आकार येतो. पुंगळीत पाणी भरून त्यावर दाब देण्याचीही पद्धत आहे. शेवटी मानेची वाढलेली लांबी कापून सर्व पुंगळ्या समान करतात.

अनुशीतन : घडणीने कठीण झालेली मान पुढील आघातात तडकते, म्हणून मान व खांदा काही सेकंद ज्योतीवर तापवून मऊ करतात. त्या वेळी बूड पाण्यात ठेवतात किंवा उष्णता तेथवर पोहोचण्यापूर्वीच पुंगळी बाजूस काढतात. पोलादाप्रमाणे पितळ पाण्यात बुडविल्याने कठीण होत नाही; पाणी केवळ उष्णतेचा प्रसार थांबविते. बूड मऊ झालेली पुंगळी पुन्हा कठीण करण्याचा व्यवहार्य उपाय नसल्याने ती टाकून द्यावी लागते.

दोष व धोके : मान अरुंद केली म्हणजे तिची भिंत जाड होते. जादा धातू तासून न काढल्यास मानेला कोठीत फुगण्यास जागा उरत नाही, गोळी अडकून राहते आणि दाब धोकादायक रीतीने वाढतो. खांदा प्रमाणाबाहेर मागे सरकल्यास पुंगळी कोठीत सैल बसते. काडतूस उडताना तिचे धड कोठीस चिकटते, बूड मात्र मागे ढकलले जाते आणि त्याच्या थोडे वर भिंत ताणली जाऊन पुंगळीचे दोन तुकडे होऊ शकतात. निसटलेले तप्त वायू चालविणाऱ्याच्या डोळ्यांना इजा करू शकतात. तसेच जाड भिंतीच्या पुंगळीत जागा कमी असल्याने दारूचे तेच प्रमाण अधिक दाब निर्माण करते.

थंड घडणीनंतर धातूत राहणारे अंतर्गत ताण तितकेच महत्त्वाचे आहेत. एकोणिसाव्या शतकात भारतातील ब्रिटिश सैन्याने पावसाळ्यात तबेल्यांत साठविलेली पितळी काडतुसे न वापरताच तडकत. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया व धातूतील ताण यांच्या संयुक्त परिणामाने हे घडते, असे मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले. सौम्य तापमानास तापवून हे ताण घालविता येतात. अमोनियायुक्त द्रावणांनी पुंगळ्या स्वच्छ करणे याच कारणास्तव टाळतात.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्यावाचून दारूगोळा तयार करण्यास मनाई आहे.