उसण भरली, आता पुढे काय?

वाकून पाण्याची बादली उचलली आणि कंबरेत चमक भरली. अशा वेळी पहिला सल्ला येतो तो पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसाचा पाय पाठीला लावून घेण्याचा. त्याने बरं वाटलेले पुष्कळ भेटतील, कारण उसण बहुधा काही दिवसांत आपणहून ओसरते.

कंबरेत पाच मणके. दोन मणक्यांमध्ये चकती, म्हणजे मऊ गाभ्याची, चिवट कडांची गादी. भोवती स्नायू आणि अस्थिबंध, म्हणजे हाडांना हाडांशी बांधणारे पट्टे. बहुतेकांची कंबर यांतल्याच कशाच्या तरी ताणाने दुखते. नेमकं कुठे, ते तपासणीतही सापडत नाही.

कळ नितंबातून पोटरीपर्यंत उतरली, पायाला मुंग्या आल्या, तर तो सायटिका. सरकलेली चकती नसेवर दाब देते. यातलेही बरेच जण शस्त्रक्रियेशिवाय बरे होतात.

सुरुवातीला गरम पाण्याच्या पिशवीने शेक घ्यावा. उठताना आधी कुशीवर वळावं, पाय पलंगावरून खाली सोडावेत आणि हाताच्या रेट्याने बसतं व्हावं. उताणे असताना झटक्यात उठलात की कळ आलीच. चुकतं ते यापुढे. ‘हलूच नका’ म्हणत घरचे आठवडाभर झोपवून ठेवतात. स्नायू ढिले पडतात आणि दुखणं लांबतं. एक-दोन दिवसांनी घरातल्या घरात चालायला लागावं, थोडं दुखलं तरी. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारूनच, थोडे दिवस. पोट आणि मूत्रपिंडं त्यांची किंमत मोजतात.

एमआरआयची घाई नको. कंबर न दुखणाऱ्या पन्नाशीतल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या चित्रातही चकती फुगलेली दिसते. तो रिपोर्ट हातात आला, की धडधाकट माणूसही वाकायला घाबरतो.

थांबायचं नाही ते इथे: लघवी अडली किंवा आवरेनाशी झाली, जांघ बधिर पडली, पाऊल उचलेना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. बारीक ताप, घटणारं वजन आणि रात्री वाढणारी कळ असेल तर आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग तपासावाच लागतो. औषधांनी तो बरा होतो. वयस्कर बाईची पाठ साध्या पडण्यानंतर दुखू लागली, तर ठिसूळ मणका दबला नाही ना, ते क्ष-किरणात पाहावं.

यांपैकी काही नसेल आणि सहा आठवड्यांनंतरही दुखतच असेल, तर फिजिओथेरपिस्टकडे जावं. नुसत्या मशिनच्या शेकावर समाधान मानू नये. घरी करायचे व्यायाम शिकवा, असं मागून घ्यावं.