पाटाखालचें शिवार व पाटावरचें शिवार

गेल्या वर्षीं भूगोलाच्या तासाला आम्ही आपल्या जिल्ह्याचा नकाशा फळ्यावर काढीत असतां दोन विद्यार्थ्यांत एक लहानसें बोलणें झालें. एक राहात्याकडील बागाइतदाराचा मुलगा. दुसरा पाथर्डीच्या डोंगराकडला, वसतिगृहांत राहणारा. पहिला अभिमानानें म्हणाला, “आमच्या शिवारांत ऊस होतो.” दुसरा म्हणाला, “तो तोडायला आमचेच आईबाप येतात कीं!” वर्गांत क्षणभर कोणी बोललें नाहीं. दोघांचा जिल्हा एक, पाऊसही फारसा वेगळा नाहीं. मग एकाच्या बापाकडे उसाचा मळा व दुसऱ्याच्या बापाच्या हातीं कोयता, हें कसें झालें? घंटा झाल्यामुळें तें त्या दिवशीं सांगावयाचें राहिलें. तें येथें सांगतों.

अहमदनगर जिल्हा, ज्याचें नांव शासनानें २०२४ सालीं अहिल्यानगर असें केलें, तो विस्तारानें महाराष्ट्रांत सर्वांत मोठा असून त्याचें क्षेत्रफळ सुमारें १७,००० चौरस किलोमीटर आहे. त्याच्या पश्चिम टोंकाला अकोले तालुक्यांत सह्याद्रीची भिंत उभी आहे; कळसूबाईचें १,६४६ मीटर उंचीचें शिखर तेथेंच आहे. समुद्रावरून येणारे ढग या भिंतीवर आपलें ओझें टाकतात. घाटघर, रतनवाडी या गांवीं कित्येक वर्षीं पांच हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो. तेथील महादेव कोळी व ठाकर लोक राब भाजून भात, नागली व वरई पिकवीत आले. तेथून पूर्वेकडे शंभर किलोमीटर जाण्यापूर्वींच पाऊस पांचशेंच्या घरांत येतो, आणि उरलेला जवळजवळ सर्व जिल्हा पर्जन्यछायेंत पडतो.

या कोरड्या मुलुखांत शेतकऱ्यानें मातीकडे पाहून पिकें ठरविलीं. माळरानाच्या हलक्या, मुरमाड जमिनींत ओल टिकत नाहीं. तेथें पावसाळ्याच्या आरंभींच बाजरी. नदीकांठच्या खोल काळ्या जमिनींत ओल दीर्घकाळ राहते. म्हणून ती पावसाळाभर कुळवून मोकळी ठेवावयाची, आणि भाद्रपद-आश्विनांत तींत ज्वारी पेरावयाची. पुढें एकही सर न येतां केवळ पोटांतील ओलीवर व दंवावर ही ज्वारी उभी राहते. विहिरीवर मोट चालली तर थोडा गहूं, भाजीपाला व क्वचित् उसाचा एखादा वाफा. जिराईत व बागाईत हे आपले नित्याचे शब्द शाही अमदानींतील फारशी दप्तरांतून आलेले आहेत. निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर (मृत्यु १६२६) यानें जमिनीची प्रत व पीक पाहून सारा ठरविण्याची जी पद्धत घातली, तिची आठवण या मुलुखांत पुष्कळ काळ राहिली.

इंग्रजी अमलांत सारा रोख झाला, आणि तो पिको न पिको भरणें भाग पडलें. त्यासाठीं सावकाराकडे जावें लागे. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीं दंगे करून कर्जाचीं खतें जाळलीं. त्यावरून १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं निराळा कायदा झाला. पण दंग्यांच्या दुसऱ्याच वर्षीं पाऊस गेला व १८७६-७७ चा घोर दुष्काळ पडला. शतकाच्या अखेरीस आणखी दोन दुष्काळ आले. तेव्हां दुष्काळांत ज्वारी-बाजरी तरी जगावी, एवढ्याचसाठीं पाट काढावे असें सरकारच्या मनानें घेतलें. हा मूळ हेतु वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

दारणेचें धरण १९१६ मध्यें पुरें झालें. तें पाणी नांदूर मधमेश्वराच्या बंधाऱ्यापासून गोदावरीच्या दोन्ही कालव्यांनीं कोपरगांव-राहात्याकडे आलें. प्रवरेवर भंडारदऱ्यास १९१० सालीं काम सुरू झालें व १९२६ सालीं सुमारें ८२ मीटर उंचीची दगडी भिंत उभी राहिली; ओझरच्या बंधाऱ्यापासून तिचे पाट निघाले. पाट चढ चढत नाहीं. तो डोंगराच्या अंगानें अगदीं थोड्या उतारावर वळणें घेत जातो, आणि पाट व नदी यांमधील जमिनीलाच त्याचें पाणी मिळतें. पाटाच्या वरच्या अंगाचें शेत दोन पुरुष उंच असलें तरी तें कोरडेंच राहतें. आमच्या त्या दोन विद्यार्थ्यांमधील अंतर या रेघेनें पाडलें आहे.

पण एक अडचण निघाली. पाऊस बरा झाला कीं ज्वारीवाला पाटाचें पाणी मागेना, आणि कालव्याचा खर्च निघेना. वर्षभर पाणी मागणारें व पट्टी भरणारें पीक म्हणजे ऊस. नीरेच्या कालव्यावर विश्वेश्वरय्या यांनीं बसविलेली फाळ्यांची पद्धत, म्हणजे ठराविक क्षेत्राला कांहीं वर्षांसाठीं पाण्याची हमी देण्याची रीत, अशा शेतीला सोयीची ठरली. सासवडचे माळी बागाइतांत मुरलेले. ते नीरेवरून गोदावरी-प्रवरेवर आले, खंडानें जमिनी धरल्या व गुऱ्हाळें घातलीं. पुढें हरिगांव, टिळकनगर येथें खाजगी साखर कारखाने निघाले. दुष्काळांत भाकरी वांचविण्यासाठीं काढलेलें पाणी अशा रीतीनें साखरेकडे गेलें. त्यांत स्थानिक शेतकऱ्याचा वांटा असावा म्हणून विठ्ठलराव विखे पाटील यांनीं धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्यानें लोणीस सहकारी कारखाना काढला; १९५०-५१ हा त्याचा पहिला हंगाम. लहान शेतकऱ्याला मालकी मिळाली, शाळा-दवाखाने आले. हें त्या चळवळीचें मोठें श्रेय होय. परंतु अति पाण्यानें भूगर्भांतील पाण्याची पातळी वर येऊन तिजबरोबर क्षार वर आले, व कित्येक चांगल्या जमिनी खारवट-चोपण झाल्या, हेंही आम्ही लपवूं इच्छीत नाहीं.

ऊस लावणाराला तोडणारा पाहिजे. पाथर्डी, जामखेडच्या डोंगरी गांवांतून दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या व ट्रॅक्टर निघतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, व उचल आधींच घेतलेली असते. मुलें बरोबर गेलीं तर शाळा बुडते. आमच्या वसतिगृहांतील कांहीं खाटा याच कारणानें भरलेल्या आहेत.

पाटावरच्या शिवाराला दुसरी वाट नाहीं काय? नगर तालुक्यांतील हिवरे बाजार येथें १९८९ पासून पोपटराव पवार यांच्या पुढारीपणानें गांवानें डोंगरउतारावर समतल चर खणले, चराई व कुऱ्हाड बंद केली, शेतीसाठीं बोअर घेण्यास व उसासारख्या पिकांस मनाई केली. तेथें पाऊस मोजून पाण्याचा जमाखर्च मांडतात व मग पिकें ठरवितात. पारनेर तालुक्यांत राळेगण सिद्धीनें १९७५ पासून अशीच वाट धरली होती. हें काम धरणाहून स्वस्त आहे, पण सोपें नाहीं. कारण यांत शेजाऱ्याची संमति लागते, व आपल्या विहिरींतील पाणी सर्वस्वीं आपलें नव्हे हें मान्य करावें लागतें. अशीं गांवें थोडींच कां, याचें उत्तर आमच्या मतें येथेंच आहे.

पाटाची रेघही अद्याप हलते आहे. प्रवरेवरील निळवंड्याची योजना १९७० सालची. तिच्या डाव्या कालव्यांत पाणी सुटलें २०२३ सालीं. संगमनेर-राहात्याच्या ज्या जिराईत गांवांनीं तीन पिढ्या वाट पाहिली, त्यांपैकीं कांहीं आतां पाटाखालीं आलीं. दुसरीकडे, २००५ च्या कायद्यानें खालच्या जायकवाडीसाठीं वरच्या धरणांतून पाणी सोडावें लागतें, व तुटीच्या वर्षीं त्यावरून नगर-नाशिक आणि मराठवाडा यांत तंटा होतो. पुढच्या तासाला आम्हीं निळवंड्याची नवी रेघ फळ्यावर काढून दाखविली. पाथर्डीच्या मुलानें उठून आपलें गांव कोठें येतें तें विचारलें. तें त्या रेघेपासून पुष्कळच दूर, फळ्याच्या उजव्या कडेला होतें.