लेहहून घराकडे

मोटारसायकलवरून लडाखला जाऊन आलेल्या मंडळींची जी वर्णने आपल्याकडे हौसेने सांगितली आणि ऐकली जातात, त्यांपैकी बहुतेकांचा शेवट एखाद्या खिंडीच्या माथ्यावर, उंचीच्या फलकाशेजारी काढलेल्या छायाचित्रापाशी होतो; तेथून पुण्यामुंबईपर्यंत जे दोन-अडीच हजार किलोमीटर उरतात, त्यांची बोळवण ‘मग परत आलो’ एवढ्यावर केली जाते. वास्तविक यंत्राची आणि माणसाची कसोटी लागते ती याच टप्प्यात, आणि ज्या बेतात जाण्यासाठी ऐसपैस मुदत व येण्यासाठी रजेतली उरलीसुरली शिल्लक अशी वाटणी असते, तो बेत मुळातच सदोष होय, असे माझे मत आहे.

परतणे म्हणजे उतरणे, ही समजूत लेह-मनाली मार्गावर पहिल्याच दिवशी खोटी ठरते. उपशीपाशी सिंधूचा काठ सुटताच रस्ता चढू लागतो तो थेट सुमारे १७,५०० फुटांवरील तांगलांग लापर्यंत. त्यापुढे मोरे पठाराचा सपाट दिलासा, मग पांग, लाचुलुंग ला, नकी ला, गाटा लूप्सची एकवीस वळणे आणि सरचू ओलांडून पुन्हा सुमारे १६,००० फुटांचा बारालाचा ला. या खिंडीच्या आसपास रस्ता आडवणारे नाले बर्फाच्या वितळण्यावर पोसलेले असल्यामुळे पहाटे घोट्याएवढे असलेले पाणी उन्हे चढल्यावर फुगत जाते, आणि दुपारी तेथे पोहोचणाऱ्याला गोट्यांवरून घसरत, बूट भिजवीत पार व्हावे लागते. घराच्या ओढीने उशिरापर्यंत गाडी हाकणाऱ्याने हे वेळापत्रक ध्यानी घेतलेले बरे. सरचूहून तांबडे फुटताच निघावे.

हवेच्या दाबाचा विषय याहून सूक्ष्म आहे. तांगलांग लावर तो समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलच्या मानाने हवा कमी पडते, इंजिन गुदमरते आणि धूर काळा येतो. यावर उपाय म्हणून ज्यांनी लेहमध्ये मिस्त्रीकडून पेट्रोल सोडणारा लहान जेट बसवून घेतला असेल, त्यांनी उतरताना मूळचा जेट परत बसविण्याची तजवीज केलीच पाहिजे. नाहीतर मैदानातील दाट हवेत पेट्रोल तोकडे पडून इंजिन तापते. २०२० च्या एप्रिलपासून लागू झालेल्या बीएस-६ मानकानंतर गाड्यांत इंधनाचे माप इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठेवू लागली आणि ही दगदग सरली. टायरांची मात्र सरलेली नाही. लेहमध्ये भरलेली हवा दिल्लीच्या आसपास मापल्यास काटा खाली आलेला दिसतो. गळती काहीच नसते, बाहेरचा दाब वाढलेला असतो एवढेच. मैदानातील उष्णता ही तूट काही अंशी भरून काढते. तथापि मंडीला पोहोचल्यावर एकदा माप घ्यावे. खिंडीवर बूच घट्ट लावलेली रिकामी पाण्याची बाटली तोवर सामानात आपोआप चेपलेली असते, ती या वाढलेल्या दाबाचा सुबक दाखला.

बारालाचाजवळच्या सूरजतालातून निघालेली भागा तांडीपर्यंत सोबत करते आणि तेथे चंद्रेला मिळते. पुढचा पंप ३६५ किलोमीटरांवर असल्याचे बजावणारा जो फलक जाताना धाक घालतो, तो याच तांडीचा. रोहतांगचा चिखल आता परतणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुल्या झालेल्या ९.०२ किलोमीटरांच्या अटल बोगद्याने ४६ किलोमीटर वाचविले. लाहौलच्या रुक्ष डोंगरातून आत शिरलेला माणूस पलीकडे हिरव्यागार, बहुधा पावसाळी खोऱ्यात निघतो. श्वास मोकळा होतो, रस्ता गुळगुळीत मिळतो, इंजिनात पुन्हा जोर येतो, आणि कित्येक दिवसांच्या अपुऱ्या झोपेने जड झालेला हात नेमका येथेच मूठ पिळू लागतो. मला खिंडींपेक्षा हा पट्टा अधिक धोक्याचा वाटतो.

पुढे दोन मार्ग. रस्त्याने येणाऱ्यास एक गंमत सांगण्याजोगी आहे : पूर्वी ‘राष्ट्रीय महामार्ग ३’ म्हणजे आपला मुंबई-आग्रा रस्ता, २०१० च्या फेरक्रमांकनात तो आकडा अटारी-मनाली-लेह मार्गाला मिळाला, तेव्हा जुन्या माणसाच्या हिशेबी तीन नंबरवरून निघून तीन नंबरवरूनच कसारा घाट उतरता येतो.

दुसरा मार्ग रेल्वेचा, आणि ज्यांची रजा संपत आली आहे त्यांना मी तोच सुचवीन. गाडी ‘लगेज’ म्हणून नोंदविली तर आपल्या तिकिटावर आपल्याच आगगाडीने रवाना होते, आकार मात्र अधिक. ‘पार्सल’ स्वस्त, तिकीट नको, पण डब्यात जागा होईल तेव्हा जाणार. आरसी आणि विम्याच्या नकला, ओळखपत्र, किमतीचे निवेदन, टाकी-दिव्यांभोवती गोणपाट, नावाचा व स्थानकांचा ठळक मजकूर, असा सारा सरंजाम लागतो. शिवाय टाकीत पेट्रोलचा थेंब उरता कामा नये, अन्यथा दंड. पावती जपावी, कारण ती रुजू केल्यावाचून माल सुटत नाही, आणि मुदतीत न सोडविल्यास स्थानभाडे चढते. जम्मूहून येणारी झेलम एक्सप्रेस पुण्यालाच संपते, ही त्यातल्या त्यात सोय. उतरवून घेतलेली गाडी मात्र जवळच्या पंपापर्यंत ढकलतच न्यावी लागते.